भाड्याचे घर आणि त्याचे कुलूप
(चिखला, जि. भंडारा येथील सभेत केलेले भाषण)



या चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर ज्यांची हयात गेली, त्यांची मुले आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी तुमसरला, नागपूरला, पुण्याला भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या वतीने मला विचारण्यात येते की, मालकाजवळ खोलीची दुसरी किल्ली आहे. तेव्हा त्याच्या परवानगीवाचून आम्ही कुलूप बदलावे काय? प्रश्न लहान दिसतो, पण आपल्यासाठी तो लहान नाही. अमेरिकेतून उच्च विद्या संपादून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना, भाडे देत असतानाही, काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले होते.

माझे उत्तर असे की, भाडेकरूने कुलूप बदलणे हा काही गुन्हा नव्हे. मालकी मालकाची, पण भाडेपट्टा चालू आहे तोवर ताबा भाडेकरूचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ ने, भाडे देणाऱ्या व करार पाळणाऱ्या भाडेकरूस निर्वेध उपभोगाचा हक्क दिला आहे. त्याच कलमाने मालकास वाजवी वेळी पाहणी करण्याची मुभाही दिली आहे; आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे त्याने अगोदर सूचना दिली पाहिजे. घरी कोणी नसता दुसऱ्या किल्लीने दार उघडावयाचे, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली म्हणून संध्याकाळी जातीची चौकशी करावयाची, याला पाहणी म्हणत नाहीत.

परंतु अगोदर करारनामा वाचा. शहरांत बहुधा अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार असतो. तो भाडेपट्टा नव्हे, वापराची परवानगी आहे. तिच्यात भाडेकरूइतके हक्क मिळत नाहीत. एक किल्ली मालकाकडे राहील, अशी अट त्यात असेल तर ती पाळावी लागेल. जे बोलावयाचे ते सही करण्यापूर्वी बोला.

कडीकोयंड्याला आपले कुलूप अडकविल्याने दाराचे काही बिघडत नाही. दाराची फळी कोरून नवे लॅच बसविणे निराळे. त्यासाठी मालकाची लेखी संमती घ्या. जुने कुलूप किल्ल्यांसह जपून ठेवा व जागा सोडताना परत द्या. न दिलेली वस्तू घेऊ नये हे पंचशीलातील दुसरे शील मालकाच्या कुलपालाही लागू आहे! आणि हे चोरून करू नका. कुलूप बदलल्याचे दोन ओळींचे पत्र तारीख घालून मालकास द्या, पाहणीला केव्हाही हरकत नाही असे त्यात लिहा, व त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

आता उलट प्रकार. भाडेकरू गावी गेला आणि मालकाने दारावर आपले कुलूप ठोकले. तरुण मुले रागाने ते फोडावयास निघतात. फोडू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावा. त्या दाव्यात मालक कोण हा वाद नसतो. कायदेशीर मार्ग सोडून ताबा काढून घेतला काय, एवढेच न्यायालय पाहते. भाड्याच्या पावत्या तेथे कामी येतात. भाडे रोख देऊन पावती न घेण्याची आपल्या लोकांची सवय फार घातक आहे.

बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण गेले, असे कोणी सांगेल तर मानू नका. १९९० च्या दुरुस्तीने ते बौद्धांनाही मिळाले आहे. जातीमुळे जागेतून हुसकावून लावल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम लागू होतो. मात्र भाड्याच्या प्रत्येक भांडणाला तो कायदा लावावयास जाऊ नका. जातीचा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. म्हणून मालक जे बोलला ते, ज्यांनी ऐकले त्यांच्या नावांसह, त्याच दिवशी लिहून ठेवा.

जयभीम.