दोन विजांची गाडी

मूलसारख्या जंगलाकाठच्या गावातला माणूस मुंबईच्या लोकलवर बोलतो आहे, याचं आपल्याला नवल वाटेल. पण या लोकलचं आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं एक नातं आहे, विजेचं.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली. तिच्या डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. गाडीच्या मोटारींना तेव्हा हीच वीज सोयीची होती. पुढे गर्दी वाढली, नऊ डब्यांचे बारा झाले. व्होल्ट कमी असले की प्रवाह जास्त लागतो. मग तारा जाड हव्यात, थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशनं हवीत. २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर तेवढ्याच कामाला साधारण सतराव्या हिश्शाचा प्रवाह पुरतो. म्हणून वीजच बदलायचं ठरलं.

पण लाखो माणसांना रोज कामावर नेणारी गाडी बंद ठेवून हे करता येत नव्हतं. काम टप्प्याटप्प्यानं झालं. एकाच मार्गावर इकडे नवी वीज, तिकडे जुनी. या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्यांनी मुंबई सांभाळली. काही जुन्या गाड्यांत फेरफार केले, आणि २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या गाड्या आल्या. एसी तारेखाली आधी ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो, डीसी तारेखाली त्याची गरज नसते. चाक फिरवणारी मोटार मात्र तीच. दोन विजांच्या मध्ये तारेचा एक बिनविजेचा तुकडा असे. तिथं मोटरमन वीज तोडी आणि गाडी आपल्या वेगावर पुढे सरके. डब्यातले दिवे-पंखे थोडा वेळ बंद पडत. प्रवासी एकदा वर बघत, आणि पुन्हा पेपरात डोकं घालत.

मला या गाडीबद्दल आपलेपणा वाटतो. माझ्या घरात बोलणं हिंदुस्तानीत, आणि कविता मी मराठीत लिहितो. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी विचारतंच, ‘तुमची खरी भाषा कोणती हो?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आईशी बोलणारा आणि कागदावर लिहिणारा माणूस एकच आहे, हे त्याला कसं सांगावं, असा प्रश्न पडतो. हल्ली मी त्याला या गाडीची गोष्ट सांगतो.

पश्चिम रेल्वेच्या लोकल मार्गावरची डीसी वीज फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची जून २०१५ मध्ये. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. ९१ वर्षांची नोकरी झाली. दोन विजांच्या गाड्यांनाही मग एकच वीज उरली.

डीसी वीज मात्र म्हातारी झाली नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची एक वाहिनी जाते. तिच्यातून १,५०० मेगावॉटपर्यंत वीज नेता येते, आणि ती जाते डीसी होऊनच. इतक्या लांबच्या वाटेवर डीसीची गळती कमी. पडघ्याला पोचली की तिची पुन्हा एसी होते. जी वीज लोकलच्या तारेतून उतरली, ती आमच्या शेताशिवारांवरून मुंबईकडे निघाली आहे.

चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा आमच्या जमिनीतला, पाणी इरई धरणाचं. राख आणि धूरही आमच्याकडेच राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि नेमकी तेव्हाच खेड्यात लाइन जाते. वीज देऊ नका, असं इथं कोणी म्हणत नाही. देणाऱ्याची आठवण ठेवावी, एवढंच मागणं आहे.

आता मूलच्या रेल्वेलाइनीवरही २५,००० व्होल्टची तार आली आहे. इथली पोरं कामाला मुंबईला जातात, लोकलच्या डब्यात उभी राहतात. शेजारचा गाव विचारेल, तेव्हा त्यांनी मूल कुठं आहे ते सांगावं आणि डोक्यावरचा पंखा दाखवून म्हणावं, ‘याच्यात थोडं आमच्या जिल्ह्याचंही आहे.’