जुन्या रॅमला नवी जोडताना
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या कार्यालयात संगणक असला, की एक तक्रार हमखास येते. मशीन हळू चालतं. हिशोबाची फाईल उघडायला घातली की चहा पिऊन होतो, तरी फाईल उघडत नाही. मग कुणी म्हणतं रॅम वाढवा. कुणी म्हणतं, जुन्या ४ जीबीला ८ जीबी जोडली तर संगणक जळेल, दोन्ही नव्याच घ्या. आणि कुणी तर म्हणतं, संगणकच बदला. पैसा गटाचा आहे, म्हणून यातलं खरं काय ते आज समजून घेऊ.

आधी रॅम म्हणजे काय? आपल्या घरात धान्य कोठीत असतं आणि स्वयंपाक ओट्यावर होतो. संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे कोठी. सगळ्या फाईली तिथे साठतात. रॅम म्हणजे ओटा. जे काम चालू आहे ते तिच्यावर मांडलेलं असतं. ओटा लहान असला, की एक भांडं उचलून कोठीत ठेवायचं आणि मग दुसरं आणायचं. त्या ये-जा करण्यातच वेळ जातो.

म्हणून खरेदीआधी ओटा खरंच भरलाय का ते पाहा. रोजची सगळी कामं उघडी ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. मेमरी ८५-९० टक्के भरलेली दिसली, तर रॅम वाढवून नक्की फरक पडेल. पण मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सारखी १०० टक्के दिसत असेल, तर रॅमवर खर्च करू नका. तिथे दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं आहे, एसएसडी बसवण्याचा विचार करा. तिथेच किती स्लॉट भरलेत, म्हणजे रॅम बसवायच्या किती जागा वापरात आहेत, तेही दिसतं.

आता मुख्य प्रश्न. ४ जीबीच्या जोडीला ८ जीबी चालते का? चालते. एकूण १२ जीबी होते आणि ती सगळी वापरता येते. वेगवेगळ्या मापाच्या रॅम लावल्या म्हणून संगणक जळत नाही.

मग दुकानदार सारखी जोडी घ्या म्हणतो, ते खोटं का? तेही खोटं नाही. दोघी जणी पापड लाटायला बसल्या. दोघींपुढे चार-चार किलो पीठ असेल, तर शेवटपर्यंत चार हात चालतात. एकीपुढे चार आणि दुसरीपुढे आठ किलो असेल, तर पहिले आठ किलो दोघी मिळून उरकतात, पण उरलेले चार किलो एकीलाच लाटावे लागतात. रॅमचंही तसंच. दोन सारख्या पट्ट्या असल्या की संगणक दोन्हींतून एकाच वेळी काम घेतो. त्याला ड्युअल चॅनेल म्हणतात. ४ आणि ८ असतील, तर बहुतेक संगणकांत ८ जीबीपर्यंत काम जोडीनं चालतं आणि वरच्या ४ जीबीला एकेरी. पण हिशोब, पत्रं आणि ऑनलाइन अर्ज अशा आपल्या कामात हा फरक जाणवतही नाही. भरलेला ओटा मोठा झाला, हे मात्र लगेच जाणवतं.

वेगाचंही तसंच. एक पट्टी १३३३ची आणि दुसरी १६००ची असेल, तर दोन्ही १३३३नेच चालतात. विहिरीवर जोडीनं निघालं, की सावकाश चालणारीच्या पावलानं जावं लागतं. म्हणून जास्त वेगाच्या पट्टीला जादा पैसे मोजू नका.

माप वेगळं चालतं, पण जात एकच हवी. डीडीआर-३ ला डीडीआर-३च, डीडीआर-४ ला डीडीआर-४च. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, विजेचा दाबही वेगळा असतो. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात, तर नुकसान होईल. पट्टीवरच्या चिठ्ठीवर पीसी-३ लिहिलं असेल तर ती डीडीआर-३, पीसी-४ असेल तर डीडीआर-४. पीसी-३ च्या पुढे ‘एल’ असेल, तर नवीही ‘एल’चीच घ्या. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या पट्टीच्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवा.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. आपला मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो? आणि विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं? ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही. मग वरची ८ जीबी नुसती बसून राहील.

रॅम बसवताना वायर प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पट्टी दोन्ही कडांनी धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका. खाच जुळवून सरळ दाबली, की कट्‌ असा आवाज येतो. संगणक सुरू झाला नाही किंवा नुसता बीप वाजला, तर घाबरू नका. प्लग काढून पट्टी पुन्हा नीट बसवा. तरी जमलं नाही, तर नवी काढून जुनीवर चालवा आणि नवी दुकानात बदलून आणा. संगणक अजून वॉरंटीत असेल, तर मात्र कॅबिनेट स्वतः उघडू नका.

शेवटी आपल्या शिस्तीचं. दोन दुकानांतून दर घ्या. बैठकीत ठराव करा. बिल गटाच्या नावानं आणि वॉरंटीसह घ्या. नव्या पट्टीचा नंबर साहित्य नोंदवहीत लिहा. जुनी पट्टी काढली असेल, तर ती परत मागून घ्या, तीही गटाच्याच पैशाची आहे. आणि रॅम बसवताना गटातल्या दोघी तरी शेजारी उभ्या राहा. एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढच्या वेळी दुकानदाराला काय विचारायचं ते आपलं आपल्यालाच सुचतं.