राहून गेलेला निरोप
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या आठवड्यांतच आमच्या वयास ७५ वर्षें पुरीं झालीं. हें निमित्त साधून आम्हीं चार शब्द बोलावे, अशी मंडळींची आज्ञा झाली. आमच्या हातून मोठें असें कांहीं कार्य घडलें नाहीं. तेव्हां उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु पंचाहत्तर वर्षांचा हिशेब मांडूं लागलों असतां जमेच्या बाजूस सारीं लहान सुखें व लहान उपकार दिसतात, आणि एक देणें मात्र फार दिवस राहून गेलेलें दिसतें. तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

आमच्या बालपणीं वसईंतील आमच्या घरीं वाढदिवसाचा थाट नसे. आई सकाळीं कपाळावर क्रुसाची खूण करी, आणि तव्यावरची पहिली तांदळाची भाकर आमच्या ताटांत पडे. एवढाच आमचा सण. बावखलाच्या गार पाण्यांत सोडलेले पाय, वाडींतील केळींची सावली, उन्हांत वाळत घातलेल्या राजेळी केळ्यांचा गोड वास, आणि पहांटेच्या झोपेंत ऐकूं येणारी रहाटाची कुरकुर, हीं आमचीं सुखें. तीं सुखें आहेत, हेंही तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

आमची व शेजाऱ्यांची विहीर एकच होती. पाण्याच्या पाळीवरून बाबांचें आणि शेजारच्या काकांचें वांकडें आलें, आणि दोन वर्षें बोलणें बंद राहिलें. देवळांतही एक या बाजूस बसे, दुसरा त्या बाजूस. आम्ही अकरा वर्षांचे असतां, ऐन चैत्रांत, बाबा विषमज्वरानें अंथरुणास खिळले. घरांत रहाट हांकण्याजोगें दुसरें कोणी नव्हतें. आणि उन्हाळ्यांत पाणी चुकलें म्हणजे केळीचा घड पोसत नाहीं, हें आपण सर्व जाणतां. वर्षाचें पोट त्या वाडीवर होतें.

एके रात्रीं रहाट वाजूं लागला. आई कंदील घेऊन बाहेर गेली. आम्ही तिच्या पदरास धरून मागें गेलों. काकांनीं आपले बैल जुंपले होते आणि पाणी आमच्या पाटांत सोडलें होतें. आईस पाहून ते इतकेंच बोलले, "वहिनी, आंत जा. कंदिलाच्या उजेडानें दादांची झोप मोडेल." तीन आठवडे रात्रीमागून रात्र हें असेंच चाललें. दिवसां मात्र ते आमच्या दारावरून मान खालीं घालून जात.

बाबा उठून बसूं लागले, तेव्हां त्यांनीं सुकेळ्यांची एक पुडी आमच्या हातीं दिली व सांगितलें, "काकांना म्हणावें, बाबांनीं तुमचे उपकार मानले आहेत. तुमची हरकत नसेल, तर भेटीस येतील." आम्ही गेलों. काकांच्या मोठ्या आवाजाची आम्हांस फार भीति वाटे. ओट्यावर कोणी नव्हतें. पुडी तेथें ठेवली आणि पळत सुटलों. घरीं बाबांनीं विचारलें, "सांगितलेंस ना?" आम्ही "हो" म्हणालों.

निरोपाला उत्तर आलें नाहीं, म्हणून बाबा थांबले. निरोपच पोंचला नाहीं, म्हणून काका थांबले. पुढें दोघेही हें जग सोडून गेले.

आमच्या चाळिसाव्या वाढदिवशीं आम्ही काकींच्या पायां पडावयास गेलों. बोलतां बोलतां त्या म्हणाल्या, "ते म्हणत, मजुरी पोंचली, पण माणूस आला नाहीं." तेव्हां आमच्यानें राहवेना. एकोणतीस वर्षांपूर्वींची ती गोष्ट आम्हीं जशीच्या तशी सांगितली. काकी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग उठल्या, माठांतील पाणी पेल्यांत भरून आमच्यापुढें ठेवलें, आणि म्हणाल्या, "उन्हांतून आलास. आधीं पाणी पी, बाळा." त्या पाण्याची चव आम्हांस अजून आठवते.

बाळ येशूच्या संत तेरेजेचें चरित्र आपणांस परिचित आहे. इ. स. १८८८ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ती लिझ्यू येथील मठांत शिरली, आणि १८९७ मध्यें चोविसाव्या वर्षीं निवर्तली. मठाबाहेर तिनें कोठें धर्मप्रचार केला नाहीं. तरीही १९२७ मध्यें तिला धर्मप्रसाराची आश्रयदाती म्हणून घोषित करण्यांत आलें. तिनें आपल्या आत्मकथेंत जीं कामें नमूद केलीं, त्यांतील एक असें: मठांत एक वृद्ध, आजारी, चटकन् रागावणारी भगिनी होती. रोज सायंकाळीं तिला हात धरून भोजनगृहांत नेण्याचें काम तेरेजेनें आपण होऊन मागून घेतलें. त्या भगिनीस पाव कापणें जड जातें हें पाहून ती पावही कापून देई, आणि निघतांना एकदां हंसून पाही. इतकेंच. आमच्या काकांचा रात्रींचा रहाट आम्हांस त्याच जातीचा वाटतो.

आज आमच्या गांवीं रहाटाच्या जागीं विजेचा पंप आला आहे. ती कुरकुर आतां ऐकूं येत नाहीं. महोत्सवाच्या या स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें छापलीं जातात, तें योग्यच होय. पण रात्रीं दुसऱ्याच्या वाडीस पाणी देणाऱ्यांचीं, आजाऱ्याच्या घरीं पेजेचें भांडें पोंचविणाऱ्यांचीं नांवें कोणत्या पानावर छापावीं? तीं आपणच जिभेवर ठेवलीं पाहिजेत.

त्या दिवसापासून आम्हीं एक नेम धरला आहे. दर वाढदिवशीं, ज्याचे आभार मानावयाचे राहिले असतील अशा एका माणसाच्या घरीं जावें व तोंडानें सांगावें. पुडी धाडून भागत नाहीं, हें आम्ही शिकलों आहों. आज सभा संपल्यावर आपणांपैकीं प्रत्येकानें घरीं जातांना असा एक तरी उंबरठा आठवावा, आणि तेथें थांबावें, एवढीच विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.