जुने भाव कसे वाचावेत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात एका सभासदाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कमिटीने मला सांगितलं, "शेअर बाजारावर बोला." मी म्हटलं, बोलतो, पण कुठला शेअर घ्यावा हे सांगणार नाही. ते ऐकायला आलेल्यांनी चहापर्यंत कळ काढावी. माझी उभी नोकरी फोर्टात एका दलालाच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळे उद्याचा भाव मला कळत नाही, कालचा मात्र कळतो. आणि तुम्हाला खरं सांगतो, आपल्यासारख्या घरांमध्ये पैसे जातात ते बऱ्याचदा कालचा भाव चुकीचा वाचल्यामुळे.

२०२५ च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गोष्ट घ्या. तारीख २६ ऑगस्ट. सकाळी साडेनऊला मला तीन फोन. "काका, एचडीएफसी बँक निम्म्यावर आली! विकू का?" आदल्या संध्याकाळी जवळजवळ दोन हजारांवर असलेला भाव सकाळी हजाराच्या आत दिसत होता. बँक बुडाली नव्हती. बँकेने एकास एक बोनस दिला होता आणि त्या दिवसापासून भाव बोनस वगळून सुरू झाला. ज्याच्याकडे शंभर शेअर होते त्याचे दोनशे होणार होते, म्हणून प्रत्येकाची किंमत अर्धी. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भूक वाढत नाही आणि कमीही होत नाही.

आता गंमत पाहा. त्याच दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आलेख उघडला तर कुठे खड्डाच दिसत नाही, रेघ सरळ! कारण बहुतेक ॲप आणि संकेतस्थळं मागचे सगळे भाव आपोआप निम्मे करून दाखवतात. याला समायोजित भाव म्हणतात, इंग्रजीत ॲडजस्टेड. म्हणजे एकाच शेअरचा एकाच दिवसाचा जुना भाव दोन प्रकारचा असतो. एक, त्या दिवशी बाजारात प्रत्यक्ष सौदा झाला तो. दुसरा, आजच्या शेअरसंख्येच्या हिशेबात बसवलेला. दोन्ही खरेच आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत. आज मला एवढंच सांगायचंय की कुठल्या कामाला कुठला भाव लागतो ते ओळखा.

यासाठी सर्वांच्या ओळखीचं उदाहरण इन्फोसिसचं. १९९३ साली कंपनीने ९५ रुपयांनी शेअर विकायला काढले. कुणी १०० शेअर घेतले असतील तर साडेनऊ हजार रुपये गेले. १९९४ ला एकास एक बोनस, झाले २००. १९९७ ला पुन्हा, ४००. १९९९ ला पुन्हा, ८००. २००० च्या सुरुवातीला दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर पाचाचा केला, झाले १६००. २००४ ला एकास तीन बोनस, ६४००. २००६ ला १२,८००. २०१४ ला २५,६००. २०१५ ला ५१,२००. २०१८ च्या सप्टेंबरात १,०२,४००. ज्याने काहीही केलं नाही, नुसते कागद सांभाळले, त्याच्या एका शेअरचे १०२४ झाले. आता ९५ भागिले १०२४ करा, येतात सुमारे नऊ पैसे. समायोजित भावाने इन्फोसिसची १९९३ ची किंमत नऊ पैसे आहे! नऊ पैशांना शेअर कधीच कुणाला मिळाला नाही. पण साडेनऊ हजारांचे किती झाले, हे मोजायचं तर नऊ पैसेच धरावे लागतात. ९५ धरले तर वाटेल, एवढ्या वर्षांत पंधरा-सोळा पटच झाले.

दर्शनी किंमत म्हणजे काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. आपल्या सोसायटीचं भागपत्र घरी काढून बघा. त्यावर एका शेअरची किंमत पन्नास रुपये लिहिलेली आहे. पंचवीस वर्षांत ती पन्नासच राहिली. फ्लॅटचं काय झालं ते कोपऱ्यावरचा एजंट सांगेल. कंपनीच्या शेअरवरचा दहा किंवा एक रुपया हा तसाच कागदावरचा आकडा असतो, त्याचा भावाशी संबंध नसतो. फक्त तो बदलला की शेअरची संख्या बदलते, म्हणून लक्ष ठेवायचं.

आता पैशांकडे येतो, कारण खरी ठेच इथे लागते.

माझ्या ओळखीच्या एका काकू. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रक्कम उभी करायची होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर २०१६ च्या दिवाळीनंतर घेतलेले इन्फोसिसचे ३०० शेअर होते, तेव्हा भाव हजाराच्या आतबाहेर. २०१८ च्या बोनसने ६०० झाले. त्यांनी ३०० विकायचं ठरवलं. हिशेबाला सोपं म्हणून विक्रीचा भाव १५०० धरू.

२०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, पण एक सवलत ठेवली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेला नफा माफ. त्या दिवशीचा बाजारातला सर्वात वरचा भाव ही तुमची खरेदी किंमत मानता येते. मात्र विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर विक्रीचा भाव धरायचा, आणि प्रत्यक्ष खरेदी या आकड्याहून महाग असेल तर प्रत्यक्ष खरेदीच धरायची. काकूंच्या भाच्याने ॲपवर ३१ जानेवारी २०१८ चा भाव पाहिला. दिसला पावणेसहाशेच्या आसपास. म्हणजे शेअरमागे नफा ९२५, तीनशेवर २,७७,५००. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त. उरले १,५२,५००, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे एकोणीस हजार रुपये आणि वर सेस.

पण त्या दिवशी बाजारात इन्फोसिस पावणेसहाशेला नव्हताच. तो होता साडेअकराशेच्या आसपास. बोनस नंतर, सप्टेंबरात आला, म्हणून ॲपने मागचा भाव अर्धा केला. आणि डीमॅट खात्यात जे आधी आले ते आधी विकले असं धरतात, म्हणजे काकूंचे विकले गेलेले ३०० हे जुनेच. त्यांची किंमत साडेअकराशे. नफा शेअरमागे ३५०, एकूण १,०५,००० आणि सव्वा लाखाच्या आत. कर शून्य! शून्य आणि एकोणीस हजार, फरक फक्त कुठल्या रकान्यात बघितलं त्याचा.

इथे हुशार माणूस विचारेल, मग बोनसच्या ३०० शेअरचं काय? बरोबर आहे. ते ३१ जानेवारी २०१८ नंतर आले, म्हणून त्यांची खरेदी किंमत शून्य. विकाल तेव्हा पूर्ण १५०० नफा. सहाशेच्या सहाशे एकाच वर्षी विकले तर दोन्ही पद्धतींनी नफ्याची बेरीज सारखीच येते, ५,५५,०००. करून पाहा. पण काकूंना निम्मेच विकायचे होते. उरलेले त्या दर वर्षी थोडे थोडे, सव्वा लाखाच्या हद्दीत विकू शकतात. भाच्याच्या हिशेबाने गेलं असतं तर या वर्षी कर भरला असता आणि बोनसचे शेअर विकताना शून्य किमतीमुळे तोच नफा दुसऱ्यांदा मोजला गेला असता.

आता नीट ऐका. ज्या कंपनीने ३१ जानेवारी २०१८ नंतर बोनस न देता शेअरचे तुकडे केले, तिथे उलटं आहे. एचडीएफसी बँकेने २०१९ च्या सप्टेंबरात दोन रुपयांचा शेअर एकाचा केला. तिथे जुन्या शेअरचीच दोन शकलं झाली, म्हणून त्या दिवशीचा भाव दोनाने भागायचा आणि तो दोन्ही शकलांना लावायचा. बोनसचं वेगळं, तुकड्यांचं वेगळं. आलेखावर दोन्ही सारखे दिसतात, आयकर खात्याला मात्र सारखे नाहीत.

तिसरा प्रकार विभाजनाचा. २०२३ च्या जुलैत रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि रिलायन्सचा भाव एका सकाळी अडीचशेहून अधिक रुपयांनी खाली दिसला. तेव्हा कंपनीनेच सांगितलं की जुन्या खरेदी किमतीपैकी ९५.३२ टक्के रिलायन्सकडे आणि ४.६८ टक्के जिओकडे धरा. अशी पत्रं ई-मेलवर येतात आणि आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. पुसू नका. (आणि हो, घर विकताना हे २०१८ चं गणित लावू नका. जुन्या घरांना १ एप्रिल २००१ ची तारीख लागते. तो विषय आमच्या सीए सभासदांचा, त्यांना धरा.)

कराचं झालं. जुन्या भावाचा दुसरा उपयोग म्हणजे कंपनी जोखणं. इथे लोक फार भाबडेपणा करतात. "आधी पाचशे होता, आता चाळीस आहे, म्हणजे स्वस्त झाला." सत्यमचं ७ जानेवारी २००९ ला काय झालं ते आठवा. अध्यक्षांचं कबुलीपत्र बाहेर आलं आणि एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. दुसरं उदाहरण लक्ष्मी विलास बँकेचं. २०२० च्या नोव्हेंबरात ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ठेवीदार वाचले, पण भागधारकांचं भांडवल पूर्ण खोडून टाकलं गेलं. शेअर शून्य. गेल्या वर्षाचा नीचांक म्हणजे काही जमीन नव्हे की त्याखाली पडताच येत नाही. आणखी एक बघा. आज तुम्ही यादी उघडून "पंचवीस वर्षांत काय वाढलं" बघता, त्यात अशा नाहीशा झालेल्या कंपन्या नसतातच. जे टिकले त्यांचेच फोटो भिंतीवर लागतात.

नुसता भाव कधी उलट्या दिशेनेही फसवतो. कोल इंडिया २०१० साली २४५ रुपयांनी आली. २०२० च्या शेवटाला निम्म्याच्या थोडीच वर. आलेख बघून वाटेल, दहा वर्षं वाया. पण मधल्या काळात कंपनी लाभांश वाटत होती. २०१४ च्या जानेवारीत तर एकदमच शेअरमागे २९ रुपये दिले. साध्या आलेखात हे पैसे दिसत नाहीत. ज्यांचा घरखर्च लाभांशावर चालतो त्यांनी बँकेचं पासबुक आणि भावाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघावं.

सुरुवात कुठून मोजता, यावरही सगळं असतं. २००० च्या फेब्रुवारीत सेन्सेक्स सहा हजारांच्या आसपास होता आणि २००१ च्या सप्टेंबरात २६०० च्या आसपास. कुणी माहितीपत्रक दाखवून "पंधरा टक्के वार्षिक वाढ" म्हणालं की मी आधी सुरुवातीची तारीख बघतो. खालच्या टोकाला टाच ठेवून मोजलं तर कुठलाही डोंगर उंच दिसतो.

आता जुने भाव मिळतात कुठे? बीएसई आणि एनएसई या दोन्ही बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. कंपनीचं नाव टाका, तारीख टाका. उघडण्याचा, सर्वात वरचा, सर्वात खालचा आणि बंद होतानाचा भाव येतो. तिथे त्या दिवशी प्रत्यक्ष झालेले भाव असतात, मागाहून कापलेले नसतात. करासाठी ३१ जानेवारी २०१८ चा "हाय" लिहून घ्या, "क्लोज" नव्हे. आणि एक साधी वही करा. प्रत्येक कंपनीला एक पान. खरेदीची तारीख, संख्या, भाव आणि त्याखाली बोनस, तुकडे, विभाजन जे काही होईल ते तारखेसह. ही वही घरात दोघांना माहीत हवी. आमच्या कचेरीत नवरा गेल्यावर कागदांची पिशवी घेऊन येणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. त्यांच्याकडे सर्टिफिकेटं असायची, पण किती शेअर झाले, कितीला घेतले, हे सांगणारं कुणी नसायचं.

ज्यांच्याकडे अजून कागदी शेअर आहेत त्यांनी हात वर करा. बघा, सहा-सात हात आहेत! त्यांनी थांबावं. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या निधीकडे वर्ग होतात आणि परत मिळवायला अर्ज, हमीपत्र असं सगळं करावं लागतं. तुमच्या सर्टिफिकेटवरची नावं आणि फोलिओ नंबर आत्ताच टिपून घेऊ. बाकीच्यांसाठी चहा आलाय.