क्षयाच्या जिवाणूतील प्रथिनांचा वेध

नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले डॉ. शेखर मांडे पुढे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेकडे वळले. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, की विखुरलेल्या किरणांच्या नोंदींवरून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात. याच पद्धतीने त्यांच्या गटाने क्षयरोगाच्या जिवाणूतील शॅपेरोनिन, म्हणजे इतर प्रथिनांना योग्य घडी घालण्यास साहाय्य करणारे प्रथिन, तपासले. ई. कोलाय जिवाणूत त्याचे 14 घटक सात-सातच्या दोन कड्यांत बांधलेले असतात, येथे मात्र ते केवळ जोडीने आढळले, आणि ही बाब खरोखर विलक्षण आहे, कारण घडी पडते ती कड्यातील पोकळीत, असेच तोवर ज्ञात होते. 2005 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार लाभला. 2011 पासून पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालकपद त्यांनी सांभाळले.