आठवीच्या हातात पान्हा द्या



पत्रिकेत विषय छापलाय ‘तंत्रज्ञानयुगातली शाळा’. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, कोविडमधले ऑनलाइन वर्ग, चॅटजीपीटी हे सारं आपण रोज वाचता. त्यात वेळ घालवत नाही. मला थेट पाबळला जायचंय.

पाबळ शिरूर तालुक्यातलं, पावसाला कायम तहानलेलं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी तिथं विज्ञान आश्रम काढला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन, हे सगळं मागं ठेवून ते शाळा सुटलेल्या पोरांना शिकवायला आले. पुढे २००२ मध्ये एमआयटीच्या साहाय्यानं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटी म्हणजे कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली! (हशा)

पाबळचा घुमट प्रसिद्ध आहे. लोखंडी अँगल बोल्टनं जोडायचे, त्यांचे त्रिकोण करायचे, त्रिकोणांचा घुमट. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडेही असे घुमट बांधले गेले. आता समजा, एक अँगल थोडा आखूड कापला गेला. खाली काही कळत नाही. पहिली रांग बसते, दुसरी रेटून बसवता येते. वर मात्र भोकाला भोक जुळत नाही, बोल्ट जात नाही. मग खाली उतरा, टेप घ्या, एकेक अँगल पुन्हा मोजा. रागावून उपयोग नाही, हातोडी मारून तर मुळीच नाही. माप चुकलं कुठं, ते शोधावंच लागतं.

मला घुमटाचं एवढं का वाटतं? चॅटजीपीटीसारखं यंत्र चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच सफाईनं देतं. ज्या मुलीनं तो आखूड अँगल हुडकून काढलाय, ती त्या उत्तरावरही टेप लावून बघेल.

तिसऱ्या रांगेत मान हललेली दिसली. ‘आमच्या मुलांना वेल्डर करायचंय का?’ सगळीकडे हाच प्रश्न येतो, म्हणून स्पष्ट बोलतो. हातानं काम करणारा खालचा, हे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय आणि शाळेनं ते जपलंय. डॉक्टर होणाऱ्या मुलालाही हात आहेत. (टाळ्या)

कलबागांचा हा हातानं काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम पुढे महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा: अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती, आरोग्य. मुलं वायरिंग करतात, हिमोग्लोबिन तपासतात, टेबल बनवलं तर लोखंड किती, मजुरी किती, याचा हिशेब मांडतात. त्यांना गणित का शिकायचं, हे सांगावं लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. कामातून शिकवणारी वर्ध्याची नई तालीम सांगायची राहिली, डिसले गुरुजींचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोडही राहिले. तेव्हा एकच विनंती. जूनमध्ये पालकसभा होईल. तिथं शाळेत टॅब किती आहेत हे विचारण्याआधी उभं राहून विचारा: आमचं मूल यंदा स्वतःच्या हातानं काय बनवणार आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.