धांवत्या नेमबाजीची पहिली इयत्ता

नेमबाजी म्हटली कीं कोल्हापूरच्या राही सरनोबत आठवतात. एक हात पुढें, शरीर निश्चल, लक्ष्य २५ मीटरांवर. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंतील त्यांचें सुवर्णपदक या निश्चलतेचेंच फळ होय. अमेरिकेंत वाढलेल्या ‘प्रॅक्टिकल’ पिस्तूल-स्पर्धेची तऱ्हा अगदीं निराळी. तेथें पिस्तूल दोन्ही हातांनीं धरावयाचें आणि भिंतीआडून, खिडकींतून, प्रसंगीं धांवत गोळ्या झाडावयाच्या. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ सालीं मिसुरी राज्यांतील कोलंबिया येथें स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ति आणि वेग हें तिचें ब्रीद.

मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनीं भागलें म्हणजे निकाल निघतो. एकानें १० सेकंदांत ६० गुण मिळविले, तर भागाकार ६. दुसऱ्यानें ८ सेकंदांत ५४ च मिळविले, तरी त्याचा भागाकार ६.७५, आणि सरशी त्याची. हें कळतांच नवखा घाईस पेटतो. लक्ष्य चुकल्यास १० गुण वजा होतात, हें त्याला मागाहून उमगतें.

शक्तीचेंही गणित आहे. गोळीचें ग्रेनमधील वजन आणि सेकंदास फुटांतील वेग यांच्या गुणाकारास १००० नें भागावयाचें. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगानें सुटली, तर आंकडा १३० येतो. किमान १२५ हवा. कमी भरल्यास गोळ्या झाडतां येतात, गुण मिळत नाहींत.

पिस्तुलांचे वर्ग पाडलेले आहेत, नाहींतर हा खेळ पैशाच्या थैल्यांचाच झाला असता. ‘ओपन’ वर्गांत दृक्‌यंत्र आणि धक्का कमी करणारें नळीचें टोक चालतें. ‘प्रॉडक्शन’ वर्गांत कारखान्यांतून आलेलें साधें पिस्तूलच हवें. नवख्यानें तेथूनच आरंभ करणें शहाणपणाचें. साधें ९ मिलिमीटरचें पिस्तूल, ताठ कमरपट्टा, कांहीं मॅगझिनें व त्यांच्या पिशव्या, चष्मा आणि कानांना झांकण, एवढ्यानें काम भागतें. काटकसर करूं नये ती होल्स्टरच्या बाबतींत. पिस्तूल घट्ट धरून चाप पूर्ण झांकणारें होल्स्टर नसेल, तर महागडें पिस्तूलही धोक्याचेंच.

कारण खरी परीक्षा नेमाची नाहीं, नळीची आहे. स्पर्धकाच्या दोन्ही बाजूंस कल्पिलेली सरळ रेषा ओलांडून नळी मागें वळली, किंवा भरलेलें पिस्तूल हातून पडलें, तर संपूर्ण सामन्यांतून बाद. तेथें पहिली चूक म्हणून माफी नाहीं. उजव्या हाताचा माणूस डावीकडे धांवतांना मॅगझिन बदलूं लागला, कीं नळी आपोआप मागें वळूं पाहते. कित्येक नवखे नेमके येथेंच फसतात. ही हालचाल रिकाम्या पिस्तुलानें, सावकाश, शेंकडों वेळां घोटून मगच चांदमारीच्या मैदानावर जावें.

मैदानावर आज्ञा होईपर्यंत पिस्तूल रिकामेंच ठेवावयाचें. पिस्तूल हाताळण्यास वेगळी जागा असते. तेथें काडतुसाला, अगदीं खोट्यालाही, हात लावावयाचा नाहीं. फेरी संपल्यावर पंच रिकामी नळी डोळ्यांनीं पाहतो, चाप ओढून घेतला जातो, पिस्तूल होल्स्टरमध्यें जातें. आणि मैदान मोकळें झाल्याची हांक त्यानें दिल्यावरच इतर मंडळी लक्ष्याकडे गुण मोजावयास निघतात.